मधल्या वर्षांचा रस्ता

महामार्ग संशोधन संस्थेत त्याला समोरून सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'जावईबापू'. संस्थेच्या आधीच्या संचालकांची एकुलती एक मुलगी त्याची बायको होती. ते संचालक निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते अजून 'मोठे साहेब'च होते.

खरं तर त्या लग्नात त्याचा काही डाव नव्हता. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्याची दाढ ठणकायला लागली. गालाला हात लावून तो बैठकीत बसला तेव्हा मोठे साहेब वैतागून म्हणाले, "अरे, तुझं कण्हणं ऐकू की खडीचा अहवाल ऐकू? चौकात माझ्या मुलीचा दवाखाना आहे. जा, ती दाढ काढून ये." तो गेला. डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली नाही, वाचवली. पुढे तपासणीची गरज दाढेला उरली नाही, पण त्याला वाटत राहिली, आणि तिलाही त्याचं फारसं आश्चर्य वाटेनासं झालं. "खड्डे बुजवणं हा आमच्या घराण्याचाच धंदा," असं ती पाहुण्यांना हसत सांगायची.

लग्नानंतर मात्र त्याच्यामागे एक शुक्लकाष्ठ लागलं. बढती मिळाली की लोक म्हणायचे, "मिळणारच!" नाही मिळाली की म्हणायचे, "सासऱ्यांनी मुद्दाम अडवली असेल, दिसायला बरं दिसावं म्हणून." इकडे आड, तिकडे विहीर. मोठे साहेब निवृत्त झाले त्या दिवशी संस्थेत सगळ्यात जास्त हायसं कुणाला वाटलं असेल तर ते त्यांच्या जावयाला.

आणि आता कुठे जरा सुखाचे दिवस आले होते, तर मंत्रालयाने ठरवलं की महामार्गांवरचं संशोधन असं सुटंसुटं, ज्याच्या मनात जे येईल ते, चालायचं नाही. सगळ्या देशासाठी मिळून एक कार्यक्रम आखायचा. सहा वर्षांचा. विषय मोजके आठ, आणि माणसं, यंत्रं, सगळं बळ त्या आठांवरच लावायचं. विषय निवडायला एक समिती नेमली गेली. आलेल्या प्रस्तावांची छाननी करून समितीपुढे आराखडा मांडायला एक समन्वयक हवा होता. नव्या संचालकबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"हे तुम्ही करायचं."

"मीच का?"

"तुम्हाला सगळ्यांचं ऐकून घेता येतं. आणि तुम्ही स्वतः कुठलाही प्रस्ताव देत नाही आहात. असे या इमारतीत तुम्ही एकटेच सापडलात."

दुसऱ्या मजल्यावरची लांबोडकी खोली त्याला मिळाली. टेबल डुगडुगत होतं, त्याच्या एका पायाखाली डांबराचा चपटा नमुना सरकवलेला होता. खिडकीतून वळणरस्ता दिसायचा. पहिल्या आठवड्यातच टेबल भरून गेलं. विद्यापीठांचे प्रस्ताव आले. ट्रकवाल्यांच्या संघटनेने लिहिलं होतं की चालकाला झोप कधी आणि का लागते हे एकदा नीट शोधा, आम्ही माणसं देतो. वाहतूक पोलिसांना हे जाणून घ्यायचं होतं की वळणावर नाही, सरळसोट रस्त्यावरच एवढे अपघात का होतात. एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाला महामार्गाच्या कडेला कुठलं झाड धूळ जास्त खातं ते बघायचं होतं. एका बाईने, ती कुठल्याच संस्थेची नव्हती, साध्या कागदावर विचारलं होतं की रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात त्यावर काही करता येईल का.

तो वाचत बसायचा आणि त्याला बरं वाटायचं. घरी येऊन बायकोला सांगायचा, "लोक रस्त्यावरून नुसते जात नाहीत गं. विचार करतात रस्त्याचा! मला वाटायचं आपण चार डोकीच आहोत."

"मग आता झोप नीट लागेल म्हणायची."

लागतही होती. पण प्रस्ताव स्वीकारायची मुदत संपायला दोन दिवस असताना मोठे साहेब संस्थेत आले.

ते सरळ वर आले असते तरी कुणी अडवलं नसतं. पण ते तळमजल्यावरच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाने ओळखून "या ना साहेब, पुढे या" म्हटलं, तर त्याच्यावर डोळे वटारले. नंबर आल्यावर जाडजूड गठ्ठा आत सरकवला, पोचपावती मागून घेतली आणि जिना न चढता परत गेले. हे सगळं जावयाला स्पर्शही होऊ नये म्हणून त्यांनी केलं होतं. झालं भलतंच. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या संस्थेला कळलं की मोठे साहेब रांगेत उभे होते.

पूल विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे 'पूलवाले' म्हणत, ते जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारीच येऊन बसले. त्यांचं आणि मोठ्या साहेबांचं जुनं वाकडं होतं. मोठ्या साहेबांनी आपल्या काळात पूल विभागाची अख्खी प्रयोगशाळा रस्त्याच्या यंत्रांसाठी काढून घेतली होती, आणि पूलवाले ते विसरायला तयार नव्हते.

"काय मग," पूलवाले म्हणाले, "आठ विषय ना? की सासुरवाडीचा एक वगळून सात?"

टेबलावरची माणसं हसली. तोही हसला. पण अर्धं ताट तसंच ठेवून उठला.

वर जाऊन त्याने गठ्ठा उघडला. मथळा होता, 'महामार्गाच्या मधल्या वर्षांचा अभ्यास'. देशभरातल्या साध्यासुध्या महामार्गांचे शंभर तुकडे निवडायचे, आणि दरवर्षी, त्याच जागी, त्याच पद्धतीने ते मोजत राहायचं. चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या किती खोल झाल्या, भेगा कुठे गेल्या, वरून किती वजन गेलं, सगळं. मुदत वीस वर्षं. तो पहिली चार पानं वाचून थांबला. वीस वर्षं! कार्यक्रम सहा वर्षांचा. मंत्रालयाच्या पत्रात 'निष्पत्ती कार्यक्रमाच्या मुदतीत दिसावी अशी अपेक्षा आहे' असं एक वाक्य होतं. ते त्याला देवासारखं धावून आलं. गठ्ठ्याची उरलेली पानं न उलटता त्याने वर शेरा मारला, 'मुदतीत निष्पत्ती नाही. छाननीत बाद.' मग एकट्या सासऱ्यांनाच हा न्याय लावला असं दिसू नये म्हणून त्याने बाकीचे प्रस्ताव चाळले आणि ज्या ज्या प्रस्तावाची मुदत लांब होती तो तो बाद केला. सात-आठ निघाले. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

बाद झालेल्यांना नेहमीप्रमाणे पत्रं गेली. घरी तो काही बोलला नाही.

रविवारी मोठे साहेब मुलीकडे जेवायला यायचे, तसे आले. जेवताना एरवी ते सगळ्या जगाची सालटी काढायचे. त्या दिवशी नुसतं "वाढा", "पुरे", "छान झालंय". जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे, समन्वयक साहेब. येतो आम्ही."

दार लागल्यावर बायको वळली. "काय केलंस तू बाबांचं?"

"काही नाही. त्यांचा प्रस्ताव बसत नव्हता."

"कशात बसत नव्हता?"

"मुदतीत. वीस वर्षांचं काम आहे ते. नियम म्हणजे नियम."

"वाचलास पूर्ण?"

तो ताटं उचलायला लागला. भांड्यांचा आवाज तेवढा होत राहिला.

"वरवर पाहिला," तो शेवटी म्हणाला.

"माझ्याकडे उद्या माझा सख्खा भाऊ आला, आणि लोक काय म्हणतील म्हणून मी त्याला तोंडही उघडायला न सांगता घरी पाठवलं, तर मला डॉक्टर म्हणशील तू?"

"तुला भाऊ नाहीये."

"विषय बदलू नकोस."

"अगं, तू नसतेस त्या इमारतीत! मी त्यांचा प्रस्ताव घेतला असता तर उद्यापासून मला तिथे तोंड दाखवता आलं नसतं."

"म्हणजे तुझं तोंड राहिलं आणि त्यांचं गेलं," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी सरळ. "घ्यायचा नसेल तर नको घेऊस. मला काय त्या चाकोऱ्यांचं? पण बाद करायचं तर वाचून कर. एवढं तर तू त्या दिपलेल्या डोळ्यांच्या बाईसाठीही केलंस."

तिचं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. पाच दिवस त्याने मनातल्या मनात तिच्याशी वाद घातला आणि पाचही दिवस हरला. शनिवारी दुपारी, इमारत रिकामी असताना, तो लांबोडक्या खोलीत जाऊन बसला आणि बाद झालेल्या चळतीतून तो गठ्ठा काढून पाचव्या पानापासून वाचायला लागला.

मोठ्या साहेबांची भाषा जशी बोलण्यात तशी लिहिण्यातही दणकट होती. 'आपल्याला रस्ता दोनदाच भेटतो,' त्यांनी लिहिलं होतं. 'एकदा नवा असतो तेव्हा आणि एकदा मोडतो तेव्हा. मध्ये तो काय करतो, कसा थकतो, कुठे आधी खचतो, हे आपण कधी बसून पाहिलेलं नाही. मग डागडुजी कधी करायची ते आपण कसं ठरवतो? ओरड झाली की.' काही ठिकाणी ते वाहवत गेले होते. शंभर तुकडे मोजायला लागणारी माणसं देशात नव्हती. मोजमापाची अर्धी साधनं त्यांच्या काळातली होती. रस्त्याखालच्या पाण्याचा विचार जवळजवळ नव्हताच.

पण मधेच एक पान असं होतं की ते वाचून तो उठून खिडकीपाशी गेला. कार्यक्रमात कुठलेही विषय घ्या, असं तिथे म्हटलं होतं. नवं डांबर घ्या, रस्त्यात पुरायची यंत्रं घ्या, झाडं घ्या. ते जुन्यापेक्षा चांगलं की वाईट हे तुम्ही कशाशी ताडून सांगणार? ज्या साध्या रस्त्याशी ताडायचं त्याची माहितीच नसेल, तर बाकी सगळे विषय हवेत लोंबकळणार.

त्याने निवडत आणलेल्या आराखड्याकडे पाहिलं. खरं होतं. लोंबकळत होते.

आता मात्र त्याची खरी पंचाईत झाली. आधी सासऱ्यांचा म्हणून बाद केला, आता आवडला तो खरंच चांगला म्हणून, की बायकोचं बोलणं लागलं म्हणून? त्याला स्वतःचंच खात्रीने सांगता येईना. तो बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मग त्याला सुचलं की हे आपल्याला सांगता येत नाही, हेच जाऊन सांगायला हवं.

सोमवारी सकाळी तो संचालकबाईंपुढे उभा राहिला. "मी एक प्रस्ताव न वाचता बाद केला. सासऱ्यांचा. लोक काय म्हणतील म्हणून. आणि ते झाकायला त्याच कारणाने आणखी सात-आठ बाद केले. मुदतीचा नियम नव्हता, नुसती अपेक्षा होती. मी तिचा नियम केला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आता काय, तो आत घ्यायचा?"

"ते मी ठरवू नये. मला त्यातून बाजूला करा. मुदतीवरून बाद झालेले सगळे प्रस्ताव पुन्हा उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या. हवं तर मला समन्वयकपदावरूनही काढा."

"तसं केलं तर ही डुगडुगणारी खोली मी कुणाच्या गळ्यात मारू?" बाई म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा चढवत म्हणाल्या, "चूक मोठी आहे. पण पत्रं जाऊन फार दिवस नाही झाले, निस्तरता येईल. त्या सगळ्यांना तुम्ही स्वतः फोन करून सांगायचं, कारणासकट. आणि प्रस्ताव वाचायला मी देते पूलवाल्यांना."

"पूलवाल्यांना?"

"त्यांनी घेतला तर सासुरवाडीचं नाव कोण काढील? आणि टाकला तर निदान वाचून तरी टाकतील. त्या माणसाची जीभ वाईट आहे, नजर नाही."

फोन करणं सोपं गेलं नाही. एका प्राध्यापकाने त्याला सुनावलं, दुसऱ्याने नुसतं "अच्छा" म्हणून फोन ठेवला. सासऱ्यांना त्याने सगळ्यात शेवटी केला आणि बाकीच्यांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. मग मोठे साहेब म्हणाले, "कोण वाचणार म्हणालात?"

"पूल विभागाचे प्रमुख."

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे मेलोच." आणि फोन ठेवला.

पूलवाल्यांनी आठवडाभर तोंडातून ब्र काढला नाही. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांनी एवढं रामायण लिहिलं, पण पुलावर एक ओळ नाही. रस्ता काय उड्या मारत नदी ओलांडतो?"

समितीची बैठक भरली त्या दिवशी पुन्हा उघडलेले प्रस्ताव शेवटी ठेवले होते. प्रत्येकाने आत जाऊन आपलं म्हणणं मांडायचं. त्यांची वेळ आली तेव्हा समन्वयक बाहेर येऊन बाकावर बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याच संस्थेतली एक तरुण संशोधक बसली होती. ती रस्त्याच्या थराखाली नळ्या पुरून तिथला ओलावा मोजायची, म्हणून सगळे तिला 'पाणीवाली' म्हणत. तिच्या मांडीवर एक नळी होती आणि ती तिला या हातातून त्या हातात फिरवत होती.

"तुम्ही फोन केला तेव्हा मी घाबरून धड बोललेच नाही," ती म्हणाली. "मला वाटत होतं माझं काम इतकं टाकाऊ आहे की छाननीतच गेलं. मी दुसरीकडे अर्जसुद्धा करायला घेतला होता."

"तुझं काम टाकाऊ नव्हतं. मी भित्रा होतो," तो म्हणाला.

तिने नळी त्याच्याकडे दिली. "धरा जरा. मी पाणी पिऊन येते."

तेवढ्यात मोठे साहेब आले. इस्त्रीचा कोट, बूट चकचकीत. जावयाकडे न पाहता ते आत गेले आणि दार बंद झालं.

आधी एकट्या त्यांचाच आवाज येत होता, भिंतीला हादरे देणारा. मग पूलवाल्यांचा. मग दोघांचा एकदम. पाणीवाली परत येऊन बाकाच्या कडेला टेकली. "भांडतायत का?"

"नाही," तो म्हणाला, "ओळख काढतायत."

मग आत एकाएकी शांतता पसरली. इतकी, की त्याला वाटलं संपलं सगळं. आणि त्यापाठोपाठ हसण्याचा गडगडाट झाला, अख्ख्या खोलीचा. दार उघडून संचालकबाईंनी मान बाहेर काढली आणि पाणीवालीला म्हणाल्या, "तू आत ये. आत्ताच. ते आत असतानाच."

ती गेली. नळी त्याच्याच हातात राहिली होती. ती द्यायला तो दारापर्यंत धावला, पण आत पाऊल टाकलं नाही. कुणीतरी हात लांब करून घेतली.

काय झालं ते त्याला मागून कळलं. पूलवाल्यांनी प्रस्ताव मन लावून वाचला होता, एकेक पान. तो त्यांनी उभाआडवा सोलला. शंभर तुकडे कोण मोजणार? साधनं जुनी. पाणी नाही. पूल नाही. आणि शेवटी विचारलं, "वीस वर्षांचं काम आहे. रागावू नका, पण वीस वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

तीच ती शांतता. मोठ्या साहेबांनी कोटाचं बटण सारखं केलं आणि म्हणाले, "एक तर रस्त्यावर, नाहीतर रस्त्याखाली. लक्ष मात्र दोन्हीकडून ठेवीन."

हसणं ओसरल्यावर पूलवाले म्हणाले होते, "हे काम व्हायलाच पाहिजे. हे नसेल तर बाकीच्या सातांना अर्थ नाही. पण तुमच्या हातून नाही. जो सुरू करील त्याने शेवटापर्यंत इथे असायला हवं." त्यांनी सुचवलं की चोवीस तुकडे घ्यावेत, प्रत्येक तुकड्यात निदान एक पूल असावा, आणि ओलाव्याचा जो प्रस्ताव तसाच बाद झाला होता तो यात मिसळून नेतृत्व त्या मुलीकडे द्यावं. पहिली सहा वर्षं या कार्यक्रमात. पुढचं पुढच्या कार्यक्रमाने बघावं.

मोठ्या साहेबांनी पाणीवालीकडे वळून विचारलं होतं, "वय काय गं तुझं?"

"एकोणतीस."

"पुरे," ते म्हणाले आणि खाली बसले. ते बसले तेव्हा एकदम म्हातारे दिसले, असं संचालकबाईंनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी तो खाली उतरला तर सासरे फाटकापाशी उभे होते. दोघं चालायला लागले. रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांची झापडं वर-खाली होत होती. वळणरस्त्याच्या पदपथावर आल्यावर तो म्हणाला, "बाबा, मी वाचायला हवा होता."

"हवाच होता." चार पावलं गेली. "मी रांगेत उभा राहिलो ना, तेव्हा मला वाटलं मी फार मोठेपणा करतोय. खरं सांगू? आत कुठेतरी मला ठाऊक होतं की वर आपला माणूस बसलाय. तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही बिचकलात. मलाही कळायला हवं होतं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला सासरा हा असाच आडवा येतो."

"तुमच्या हातातून काम गेलं, त्याचं..."

"लागलं. नाही कशाला म्हणू?" ते थांबले. पायाखालच्या फरशीची एक कड वर आली होती, ती त्यांनी बुटाने दाबून पाहिली. "पण तो पूलवाला म्हणाला ते बरोबर होतं. आणि त्याने पान अन् पान वाचलं होतं, लेकाचा. मी त्याची प्रयोगशाळा घेतली तेव्हा त्याचं पत्र मी वाचलं नव्हतं." मग खाकरून म्हणाले, "घरी काय आहे जेवायला? भूक लागलीय मला. आठ दिवस नीट जेवलो नाही मी."

घरी बायकोने दोघांना एकत्र आत येताना पाहिलं आणि काही न विचारता तिसरं ताट घेतलं. त्या रात्री मोठ्या साहेबांनी समितीतल्या एकेकाची अशी नक्कल केली की तिला हसून हसून ठसका लागला.

कार्यक्रम मंजूर झाला. दिपणाऱ्या डोळ्यांचा विषय आत आला, झोपेचा आला, झाडांचा राहिला. त्या प्राध्यापकाने पुढच्या वेळी पुन्हा येईन असं कळवलं. पहिल्या तुकड्याचं पहिलं मोजमाप घ्यायचा दिवस उजाडला तेव्हा समन्वयक मुद्दाम सकाळी गाडी घेऊन गेला. शहराबाहेरचा अगदी सामान्य महामार्ग, मधे एक ठेंगणा पूल. एक मार्गिका नारंगी शंकू लावून बंद केली होती, पलीकडून ट्रक धडधडत जात होते. पूलवाले पुलाखाली उतरून, मान वर करून काहीतरी निरखत होते. पाणीवाली पिवळं जाकीट घालून पाच-सहा जणांना कामाला लावत होती. मोठे साहेब टोपी घालून आले होते, 'नुसतं बघायला'.

बघता बघता ते शंकूंच्या पलीकडे गेले आणि वाकून एक भेग न्याहाळायला लागले.

"साहेब, आत या!" पाणीवाली ओरडली.

"अगं, ही भेग बघ, ही कडेकडून..."

"आधी आत या. मग भेग."

आजवर या माणसाला कुणी असं दरडावलेलं त्याने ऐकलं नव्हतं. मोठे साहेब सरळ झाले, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि मुकाट्याने शंकूंच्या आत येऊन उभे राहिले.

मोजणीची गाडी तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेली. पडद्यावर आकडे उमटले. सगळे त्यावर वाकले. पाणीवालीने थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. यंत्र पुरतं तापलेलं नव्हतं, आकडे कच्चे होते.

"पुसा हे," ती म्हणाली. "परत घेऊ."

गाडी मागे वळली. मोठ्या साहेबांनी टोपी जरा मागे सारली आणि जावयाच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "पोरगी वीस वर्षं टिकेल."